लसीचा रकाना

मार्च २०२१ मध्ये आमच्या कोविड वॉर्डाच्या अ‍ॅडमिशन रजिस्टरमध्ये मी पट्टीने एक जादा रकाना ओढला. छापील रजिस्टरात नाव, वय, गाव, दाखल झाल्याची तारीख, रक्तातलं ऑक्सिजन सॅच्युरेशन, इतर आजार आणि शेवटी निकाल एवढंच होतं. 'इतर आजार' आणि 'निकाल' यांच्यामध्ये जेमतेम बोटभर जागा होती, तिथे 'लस' असं लिहिलं. तेव्हा वरून तसा काही आदेश आलेला नव्हता. राउंडला आलेले फिजिशियन सर प्रत्येक खाटेपाशी तेच विचारायचे आणि दर वेळी केसपेपर चाळत बसायला मला वेळ नव्हता. उत्तरं तीनच होती: नाही, एक, दोन. पुढे वर्षभर तो रकाना मी भरत गेले. लस काय करते हे मला त्याच रकान्याने दाखवलं, आणि वाचता आलं नाही तर तोच रकाना किती सहज फसवतो तेही दाखवलं.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात मी इन्चार्ज सिस्टर होते. कोविडपूर्वी आमच्याकडे बाळंतपणं, सर्पदंश, विषबाधा, ऊसतोडीच्या हंगामात बैलगाड्यांचे अपघात. ऑक्सिजन म्हणजे कोपऱ्यात उभे असलेले चार जंबो सिलिंडर. २०२० च्या पहिल्या लाटेत पाइपलाइन आली, मास्कमधून दाबाने श्वास देणारी बायपॅप मशिनं आली, आणि पिशवीवाल्या ऑक्सिजन मास्कचा 'एनआरबीएम' हा शब्द मावशींच्याही तोंडी बसला. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये आमची एक सहकारी सिस्टर गेली. तिच्यासोबत मी कितीतरी नाईट ड्यूट्या काढल्या होत्या. म्हणून १६ जानेवारी २०२१ ला आरोग्य कर्मचाऱ्यांचं लसीकरण सुरू झालं तेव्हा आमच्यात कुरकुर होती, पण रांगही होती. कोविशिल्डचा दुसरा डोस फेब्रुवारीत मिळाला. दोन्ही वेळा रात्री थंडी वाजून ताप आला, सकाळी पॅरासिटामॉल घेऊन ड्यूटीवर गेले.

या दोन डोसांचा अर्थ काय होता ते एप्रिलमध्ये कळलं. डेल्टा आला तेव्हा वॉर्डात पीपीई घालून वावरणारे आम्ही दोन डोसवाले होतो, आणि खाटेवरचे बहुतेक सगळे 'नाही'. त्यांचा त्यात काही दोष नव्हता. साठीच्या वरच्यांना आणि इतर आजार असलेल्या पंचेचाळिशीपुढच्यांना लस १ मार्चला खुली झाली, पंचेचाळिशीपुढच्या सगळ्यांना १ एप्रिलला. अठरा वर्षांवरच्यांसाठी १ मे उजाडावा लागला, आणि त्यातही पुरवठा इतका तुटपुंजा की राज्य सरकारने मेच्या मध्यावर तरुणांचं लसीकरण थांबवून आहे त्या कुप्या पंचेचाळीसवरच्यांच्या दुसऱ्या डोसकडे वळवल्या. लाट मात्र कोणासाठी थांबली नाही. एप्रिलच्या माझ्या पानांवर बत्तीस, अडतीस, एकोणतीस, एकेचाळीस अशी वयं आहेत. कंपनीत पाळीला जाणारे, दूधगाडी चालवणारे, सातव्या महिन्यातली एक पोर. ज्यांना लस मागायचाही हक्क अजून मिळाला नव्हता अशी माणसं.

आणि आम्ही? आमच्यातलेही धडाधड पॉझिटिव्ह निघाले. ताप, अंगदुखी, वास गेला, आठवडाभर घरी. ऑक्सिजन लागला तो फक्त एका वॉर्डबॉय मामांना, तोही नळीने दोन लिटर. विषाणू तोच, वॉर्ड तोच, आमच्या नाकातोंडात तो इतरांपेक्षा जास्तच गेला असणार. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने पुढे आपल्याच कर्मचाऱ्यांचा हिशेब मांडला, तो मी वाचला तेव्हा आमचंच रजिस्टर कोणी नीट लिहून काढल्यासारखं वाटलं. दोन डोस घेतलेल्यांमध्ये दाखल व्हायची वेळ येण्याचं प्रमाण ७७ टक्क्यांनी कमी, ऑक्सिजनची गरज ९२ टक्क्यांनी कमी, आयसीयूची ९४ टक्क्यांनी. आजाराची पायरी जसजशी चढत जावी तसतसा लसीचा आकडा वाढतो, हे त्यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लस आजाराला उंबऱ्यावर अडवेलच असं नाही, पण तो छातीत उतरू लागला की तिचं काम दिसू लागतं.

हे छातीत उतरणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. कोविडचा पेशंट आम्ही दिवसांवर ओळखायचो. केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात लाल पेनाने 'दिवस ६', 'दिवस ७' असं लिहायचे. दाखल झाल्यापासूनचे नव्हेत, पहिल्या लक्षणापासूनचे. पहिल्या आठवड्यात विषाणू वाढतो, ताप येतो, माणूस गळतो, पण सॅच्युरेशन शाबूत असतं. घात होतो तो सातव्या ते दहाव्या दिवसात. तोवर विषाणू उतरणीला लागलेला असतो, पण शरीराची प्रतिकारयंत्रणा बिथरते आणि फुप्फुसं सुजतात. सकाळी चहा पिऊन मोबाइलवर बोलणारा माणूस दुपारी ८८ दाखवतो, आणि गंमत म्हणजे त्याला तेव्हाही फारसं काही जाणवत नसतं. संध्याकाळी एनआरबीएम पंधरा लिटरवर. मास्कखालची ती प्लास्टिकची पिशवी श्वासागणिक फुगते आणि चपटी होते. ती पूर्ण चपटी होऊ लागली की समजायचं, याला मिळतोय त्यापेक्षा जास्त हवाय. मग पालथं झोपवायचं, डेक्सामेथासोन चालू असतंच, सीआरपी आणि डी-डायमर पाठवायचे, छातीच्या एचआरसीटी स्कॅनचा स्कोअर पंचवीसपैकी किती ते बघायचं, आणि रेफर करायला कुठे व्हेंटिलेटर आहे का यासाठी फोन लावत बसायचं. नवव्या दिवशी बिघडलेला माणूस आमच्या हातून किती वेळा सुटला ते सांगत नाही.

लस घेतलेल्यांमध्ये ताप यायचा, खोकला यायचा, पण ही दुसऱ्या आठवड्याची उसळी बहुतेकदा यायचीच नाही. आली तरी ओसरायची. सरांनी मला एकदा समजावलं होतं ते असं: शेताला कुंपण असलं तरी एखादं जनावर शिरतंच, पण राखणीला माणूस असला तर उभं पीक खाऊन होत नाही. कुंपण म्हणजे नाकाघशातली प्रतिपिंडं. ती काही महिन्यांत विरतात, शिवाय विषाणू रूप बदलतो. राखणदार म्हणजे स्मृती ठेवणाऱ्या पेशी. त्या बाधित पेशी ओळखून लवकर निकालात काढतात आणि नव्या प्रतिपिंडांची सोय दोन आठवड्यांऐवजी तीन-चार दिवसांत करतात. विषाणूला वाढायला सवड कमी मिळाली की पुढचा भडकाही कमी.

एप्रिलच्या शेवटी माझ्या रकान्यात 'एक' दिसू लागले आणि भांडणंही सुरू झाली. पासष्टीचे एक शेतकरी, पहिला डोस घेऊन तिसऱ्या दिवशी तापाने आडवे झाले. मुलगी गेटबाहेरून वॉर्डच्या मोबाइलवर फोन करायची. "सिस्टर, धडधाकट होते हो बाबा. रांगेत दोन तास उभे केले तुम्ही लोकांनी, टोचलं, आणि त्यानंच झालं." मी तिला सांगायचे की ताई, कोविशिल्डमध्ये असो की कोव्हॅक्सिनमध्ये, जिवंत कोरोना विषाणू नाहीच, लशीने कोविड होत नाही. लागण होऊन लक्षणं दिसायला चार-पाच दिवस जातात, म्हणजे ते रांगेत उभे राहिले तेव्हाच विषाणू बहुधा अंगात होता. लशीचा उपयोग सुरू व्हायलाच दोन-तीन आठवडे लागतात. ती ऐकून घ्यायची, आणि शेवटी विचारायची, "पण सिस्टर, रांगेतच लागला असेल तर?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. लागला असेलही. आठव्या दिवशी त्यांना बायपॅपवरच जिल्ह्याला हलवलं, तिथे ते गेले.

त्यांच्यापुढे रकान्यात 'एक' लिहिलेलं होतं. पण हा 'एक' आणि दहा आठवड्यांपूर्वी डोस घेतलेल्या माणसाचा 'एक' सारखा कसा? अभ्यासात तर डोसनंतर चौदा दिवस झाल्याशिवाय माणूस लस घेतलेला धरतच नाहीत. तेव्हापासून मी आकड्याखाली बारीक अक्षरात तारीख लिहू लागले. १३ मेला कोविशिल्डच्या दोन डोसांमधलं अंतर बारा ते सोळा आठवडे झालं, आणि 'एक'वर अडकलेली माणसं महिनोन्‌महिने दिसत राहिली. एका डोसवर डेल्टा अर्धामुर्धाच अडायचा. अंतर वाढवणं शास्त्राला धरून होतं की तुटवड्याला, यावर तेव्हा बराच वाद झाला. माझं मत विचाराल तर दोन्हीला. लस कमी असताना दोघांना एकेक द्यावा की एकाला दोन, हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटण्यासारखा नव्हताच.

जुलै-ऑगस्टमध्ये लाट उतरली, वॉर्ड अर्धा रिकामा झाला, आणि मग शांतपणे बघता येऊ लागलं. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका आणि त्यांची बायको एकाच दिवशी दाखल झाले, शेजारशेजारच्या खाटा. काकांचे दोन्ही डोस झालेले. काकूंनी एकही घेतला नव्हता, कारण गुडघ्याच्या गोळ्या चालू आहेत आणि 'दोन औषधं एकमेकांत भांडतील'. दाखल होताना काकांना चार लिटर लागत होता, काकूंना सहा. नवव्या दिवशी काका ऑक्सिजनशिवाय ९५ वर, बाथरूमला स्वतः चालत, आणि काकूंना बायपॅप. काका खुर्ची ओढून त्यांच्या उशाशी बसायचे आणि त्यांनी पालथं झोपावं म्हणून प्रवाशाला पुढे सरकायला सांगावं तशा आवाजात हुकूम सोडायचे. काकू वाचल्या, महिन्याने घरी गेल्या, जाताना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर भाड्याने नेला. आमच्या नव्या सिस्टर ही गोष्ट लसीचा पुरावा म्हणून सगळ्यांना सांगायच्या. मी त्यांना म्हणायचे, काकूंना शुगर आहे, काकांना नाही, ते कोण सांगणार? एका जोडप्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पण डोळ्यांसमोर घडलेलं विसरताही येत नाही, हेही खरं.

खरी गडबड पुढे झाली. २१ ऑक्टोबरला देशात शंभर कोटी डोस पूर्ण झाले. आमच्या तालुक्यातही आशाताईंनी दारोदार फिरून, शेताच्या बांधावर जाऊन लोकांना टोचून आणलं. आणि जानेवारी २०२२ मध्ये ओमिक्रॉन आला तेव्हा माझा रकाना 'दोन', 'दोन', 'दोन' असा भरू लागला. एक स्थानिक पुढारी भेटीला आले, रजिस्टर हातात घेतलं आणि म्हणाले, "अहो सिस्टर, निम्मे तर लसवालेच आहेत की! मग फायदा काय झाला?" प्रश्न खोडसाळ नव्हता. आमच्या मावशीही हेच म्हणत होत्या.

मी त्यांना टीपीआर चार्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब करून दाखवला. समजा गाव हजाराचं. नऊशेंनी दोन्ही डोस घेतले, शंभरांनी घेतले नाहीत. समजा लस नसेल तर शंभरातले दहा जण दाखल होण्याइतके आजारी पडतात, आणि लस त्यातला नव्वद टक्के धोका टाळते. मग बिनलशीच्या शंभरातून दहा जण येतील. लसवाल्या नऊशेंतून, शंभरी एक याप्रमाणे, नऊ. वॉर्डात एकोणीस पेशंट, त्यातले नऊ लसवाले, म्हणजे निम्मेच की. पण लस नसती तर आले असते शंभर. आणि उद्या उरलेल्या शंभरांनीही लस घेतली तर वॉर्डात दहाच येतील आणि ते सगळेच्या सगळे लसवाले असतील. त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला. पुढच्या सभेत त्यांनी तो वापरला असं ऐकलं, अर्थात स्वतःचा म्हणून.

वॉर्डातून बघणाऱ्याची अडचण इथेच आहे. लशीने ज्यांना वाचवलं ते आमच्यापर्यंत येतच नाहीत. ते घरी काढा पितात, तीन दिवसांत उठतात आणि 'साधा सर्दीताप होता' म्हणतात. आमच्या खाटेवर येतात ते लशीला पुरून उरलेले. म्हणून दाखल झालेल्यांपैकी किती दगावले एवढ्यावर लशीची परीक्षा घेतली तर तिच्यावर अन्याय होतो: सौम्य आजाराचे लसवाले आधीच गाळले गेलेले असतात, आणि उरतात ते वयाने मोठे, किडनीचे, कॅन्सरचे. माझ्या रजिस्टरमध्ये 'दोन'वाल्यांचं सरासरी वय 'नाही'वाल्यांपेक्षा बरंच जास्त होतं. वय बाजूला न काढता रकान्यांची बेरीज केली असती तर लसच माणसं मारते असाही निष्कर्ष काढता आला असता.

इतकी गाळणी लागूनही फरक उरतो का, हा खरा प्रश्न. उरतो. अमेरिकेतल्या २१ रुग्णालयांमधल्या पेशंटांचा एक अभ्यास २०२१ च्या शेवटी प्रसिद्ध झाला. लशी आपल्या नव्हेत, एमआरएनएच्या होत्या, पण प्रश्न नेमका आमचाच: कोविडने दाखल झालेल्यांमध्ये अठ्ठावीस दिवसांत व्हेंटिलेटर लागला किंवा मृत्यू आला असे किती? लस न घेतलेल्यांत २४.७ टक्के, घेतलेल्यांत १२. म्हणजे दारातून आत आल्यावरही लस काहीतरी करतच होती. आयसीएमआरच्या पुण्यातल्या एनआयव्ही या विषाणू संस्थेने लस घेऊनही लागण झालेल्या ६७७ जणांचे नमुने तपासले होते, बहुतेक डेल्टाचे. त्यांतले ९.८ टक्के दाखल झाले, ०.४ टक्के दगावले.

मात्र ओमिक्रॉनच्या लाटेचं सगळं श्रेय लशीला देणाऱ्यांशीही माझं जमत नाही. त्या जानेवारीत आमच्या वॉर्डात निम्म्यांना कोविडचा त्रासच नव्हता. हाड मोडलं म्हणून आलेला, ऑपरेशनआधी तपासला तर पॉझिटिव्ह. बाळंतपणाला आलेली, पॉझिटिव्ह. असे 'कोविडसह' आलेले आणि 'कोविडमुळे' आलेले एकाच यादीत मोजले जात होते. शिवाय आयसीएमआरच्या चौथ्या सेरो-सर्व्हेत जून-जुलै २०२१ मध्येच ६७.६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली होती. त्यातली बरीचशी डेल्टाने फार मोठी किंमत घेऊन दिलेली होती. आणि ओमिक्रॉन फुप्फुसांत कमी उतरतो हेही दिसतच होतं. मग लशीचा वाटा किती? याचं उत्तर आपल्याकडे नाही, हाँगकाँगमध्ये मिळालं. तिथे आधीच्या लाटा फारशा आल्या नव्हत्या आणि ऐंशी ओलांडलेल्या निम्म्याहून अधिक म्हाताऱ्यांनी लस पूर्ण घेतलेली नव्हती. त्याच 'सौम्य' ओमिक्रॉनने मार्च २०२२ मध्ये तिथला मृत्यूदर जगातल्या सर्वांत वरच्या आकड्यांत नेऊन ठेवला. मुंबईत जानेवारीतच पालिका आयुक्तांनी सांगितलं होतं की ऑक्सिजनवर असलेल्यांपैकी ९६ टक्क्यांनी एकही डोस घेतलेला नाही. हा आकडा मला माझ्या रजिस्टरपेक्षा फारच गोड वाटला होता, पण दिशा तीच होती. आमच्याकडेही पंधरा लिटरवरच्या खाटा मोजल्या की 'नाही'च जास्त.

आणि तरीही त्या महिन्यातलं सगळ्यात अवघड पान 'दोन'चं आहे. चाळिशीचे एक शिक्षक, आईने दिलेली किडनी बसवलेली, तिसरं वर्ष चालू. दोन्ही डोस वेळेवर, सर्टिफिकेट लॅमिनेट करून आणलेलं. किडनी शरीराने नाकारू नये म्हणून ज्या गोळ्या चालू होत्या त्याच गोळ्यांनी लशीलाही शरीरात रुजू दिलं नव्हतं. अशांसाठी तिसरा डोस हवा हे तोवर जगभर मान्य झालं होतं. आपल्याकडे प्रिकॉशन डोस १० जानेवारीला सुरू झाला, पण कर्मचाऱ्यांना आणि साठीपुढच्या आजारी लोकांना. चाळिशीतला किडनीवाला त्या नियमात कुठेच बसत नव्हता. मला त्याच आठवड्यात तिसरा डोस मिळाला. ते गेले त्या रात्री त्यांच्या पत्नीने विचारलं, "सगळं तर केलं होतं ना आम्ही, सिस्टर?" केलं होतं. त्यांच्याभोवतीच्या लोकांनी, शाळेतल्या सहकाऱ्यांनी, घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांनी केलं होतं का, हा प्रश्न मी तिला विचारणार नव्हते.

आता वॉर्ड पुन्हा मेडिसिन वॉर्ड झालाय. इंजेक्शन रूमला बसलं की लोक वेगळंच विचारतात: लशीमुळे तरुण पोरं हार्ट अटॅकने जातायत, खरं का? कोविशिल्डने क्वचित रक्ताच्या गुठळ्या होतात हे खरं आहे, २०२१ पासून माहीत आहे, लपवण्यासारखं काही नाही. डोसनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतली ती गोष्ट, तीन-चार वर्षांनंतरची नव्हे. तरुणांच्या अचानक मृत्यूंवर आयसीएमआरने देशातल्या ४७ रुग्णालयांत अभ्यास केला, तो २०२३ मध्ये आला. लशीने धोका वाढलेला दिसला नाही, दोन डोसवाल्यांत उलट कमी होता. वाढलेला दिसला तो पूर्वी कोविडने दाखल झालेल्यांत, घरात कुणी असं गेलेल्यांत आणि एका बैठकीत भरमसाट पिणाऱ्यांत. यातलं शेवटचं वाक्य ऐकलं की पुरुष मंडळी विषय बदलतात.

परवा धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला एक पोरगा आला. बाही वर करता करता म्हणाला, "सिस्टर, ही कोविशिल्ड नाही ना?" म्हटलं, नाही रे बाबा, गंजका पत्रा लागलाय तुला, हात सैल सोड.